कार्डावरचा ठिपका

१९८६ च्या जूनमध्ये सांगलीच्या गावभागात, एका वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत मी दवाखाना सुरू केला, तेव्हा दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे ‘एमबीबीएस’ एवढीच अक्षरे होती आणि ती मला फार अपुरी वाटत होती. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन, आंतरवासिता संपवून मी मेडिसिनच्या वॉर्डात एक वर्ष हाउसमनचे काम केले होते. एमडीची जागा मात्र थोडक्या गुणांनी हुकली, पुन्हा प्रयत्न करण्याएवढे घरचे बळ नव्हते, आणि वडिलांनी हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काम करून साठवलेल्या पैशांतून टेबल, तपासणीचा पलंग, पाऱ्याचे रक्तदाबमापक आणि काचेच्या सिरिंजा उकळण्याचे भांडे एवढे सामान आले. लग्नकार्यात कोणी ओळखीचे भेटले की ‘पुढे काय केलेत?’ हा प्रश्न ठरलेला असे आणि ‘नुसती एमबीबीएस’ हे माझे उत्तरही ठरलेले असे. त्या उत्तरातला ‘नुसती’ माझ्या तोंडून जायला वीसहून अधिक वर्षे लागली.

सांगली-मिरजेत हे उणेपण अधिकच टोचते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून हे गाव मोठ्या शस्त्रक्रियांचे आणि नावाजलेल्या डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि पार कर्नाटकातून माणसे रेल्वेने इथे उपचाराला येतात. आमच्याकडे ‘मिरजेला दाखवून आणलं’ असे कोणी म्हटले की आजार गंभीर आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. त्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत बसून ताप, जुलाब आणि खोकला तपासणाऱ्या डॉक्टरला आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत असे वाटणे अगदी स्वाभाविक होते, असे आज मी म्हणू शकते. तेव्हा मला ती केवळ माझीच कमतरता वाटत असे.

दवाखाना सुरू करण्यापूर्वी सहा महिने मी गावातल्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे बसत असे. ते जुन्या काळचे एलसीपीएस, म्हणजे पदवीऐवजी वैद्यकीची पदविका घेतलेले डॉक्टर होते. त्यांच्या कंपाउंडरकाकांनी मला मिक्श्चर बनवायला, बाटलीवर डोसाच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी सरळ चिकटवायला आणि पावडरीच्या पुड्या एकसारख्या बांधायला शिकवले. डॉक्टरांनी स्वतः शिकवलेली गोष्ट एकच, पण ती मला जन्मभर पुरली. त्यांच्याकडे माणसाला कार्ड नव्हते, घराला कार्ड होते. जाड पिवळसर कार्डाच्या डोक्यावर घरातल्या कर्त्याचे नाव, खाली सगळ्या माणसांची नावे आणि वये, आणि मग ज्याला जे झाले ते तारखेनिशी. मुलाला खरूज झाली की त्याच कार्डावर गेल्या आठवड्यात आलेल्या आजीची खाज दिसे, आणि सुनेची डोकेदुखी नेमकी मुलगा परगावी नोकरीला गेल्यानंतर सुरू झाली हेही दिसे. मी तशीच कार्डे छापून घेतली. त्या वेळी मला त्यांत केवळ निदानाची सोय दिसत होती.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मी स्वतःला जे समजत होते त्याचे वर्णन ‘रोग ओळखणारी’ असे करता येईल. वॉर्डात शिकलेले निदान वाड्यातल्या खोलीत बसून, क्ष-किरण आणि रक्ताच्या चाचण्यांवाचून करता आले की मला फार समाधान वाटे. लोकांनी माझी ओळख वेगळीच ठरवली होती. मी स्त्री असल्याने माझा दवाखाना ‘डॉक्टरीणबाईंचा’ झाला, आणि बाळंतपणे मी करत नसूनही बायका माझ्याकडेच येऊ लागल्या. त्या यायच्या डोकेदुखीसाठी. औषध घेऊन उठायच्या, दारापर्यंत जायच्या, आणि चपला घालता घालता हळूच सांगायच्या की अंगावरून पांढरे जाते आहे, किंवा पाळी चुकली आहे, किंवा रात्री नवरा मारतो. मी त्या वेळी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारत असे. ते दारातले बोलणे हेच त्यांच्या येण्याचे कारण होते, हे ओळखायला मला काही वर्षे जावी लागली, आणि त्या वर्षांत किती बायका दारातूनच परत गेल्या असतील याचा विचार आजही मला त्रास देतो.

१९९१ च्या पावसाळ्यात माझ्या निदानाच्या अभिमानाला तडा गेला. हळदीच्या पेठेत हमाली करणारे एक ५२ वर्षांचे गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास, दवाखाना बंद करण्याच्या वेळी आले. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, थोडा घाम, एकदा उलटी. दुपारी एका कार्यात जेवण झाले होते. मी पोट तपासले, नाडी पाहिली, आम्लपित्ताचे इंजेक्शन दिले आणि सकाळी यायला सांगितले. पहाटे ते गेले. हृदयविकाराचा झटका पोटदुखीच्या रूपाने येऊ शकतो हे मला पाठ्यपुस्तकाच्या पानासकट माहीत होते, आणि तरीही जेवणाची हकिगत ऐकून माझे मन तिथेच थांबले. मी सकाळी त्यांच्या घरी गेले. जोत्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नीसमोर मला एक शब्द बोलता आला नाही. पुढच्या महिन्यात मी कर्ज काढून ईसीजीचे यंत्र घेतले आणि ते कार्ड बाजूला काढून ठेवले. पण पंधरवड्यातच त्या माउली धाकट्या मुलाला ताप आला म्हणून त्याला माझ्याकडेच घेऊन आल्या, आणि मला ते कार्ड पुन्हा हातात घ्यावे लागले.

त्यानंतर माझ्यात भीती शिरली, आणि काळही तिला पोषक होता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निकाल दिला. निकाल योग्य होता असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे, कारण रुग्णाला दाद मागण्याची जागा असलीच पाहिजे. पण माझ्यासारख्या एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांनी त्यातून जो धडा घेतला तो चिठ्ठी लिहिण्याचा होता. छातीत दुखले की हृदयरोगतज्ज्ञ, चक्कर आली की मेंदूविकारतज्ज्ञ, मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की बालरोगतज्ज्ञ. सांगली-मिरजेत तज्ज्ञांची वाण कधीच नव्हती. चार वर्षे मी पोस्टातल्या कारकुनासारखी माणसांची छाननी करून त्यांना पुढे पाठवत राहिले. एका दिवाळीला एका रुग्णालयाकडून मिठाईच्या खोक्याखाली पाकीट आले. ते मी त्याच माणसाच्या हाती परत दिले, पण त्या दिवशी प्रथमच मला कळले की मी लिहीत असलेल्या चिठ्ठीला बाजारात किंमत आहे, आणि माझी ओळख आता त्या किमतीवर ठरते आहे.

यापुढचे सांगणे मला सर्वांत कठीण आहे. १९९७ सालची गोष्ट. अकरा वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एका घरातल्या सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सुनेला दोन मुली होत्या आणि तिसरा महिना चालला होता. सासूबाईंनी आवाज खाली आणून विचारले, ‘तपासणी कुठं करतात तेवढं सांगा.’ गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून लागू झाला होता. कायदा नसता तरी मी पत्ता दिला नसता. मी त्यांना स्पष्ट नकार दिला, बरेच सुनावलेही. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘घरच्या डॉक्टर म्हणून विचारलं हो तुम्हाला,’ आणि सुनेला घेऊन निघून गेल्या. त्या घराचे येणे त्या दिवसापासून थांबले. आपण आपले काम चोख केले अशा समाधानात मी त्या रात्री झोपले.

चार महिन्यांनी ती सून एकटीच आली. ओठ पांढरे पडले होते, दवाखान्याची पायरी चढतानाही धाप लागत होती. पोटाकडे पाहून मी काही विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘आता काही नाही, बाई.’ मी रक्त तपासायला लिहून दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या. ती उठताना म्हणाली, ‘हे घरच्या कार्डावर नका लिहू. सासूबाई आल्या तर वाचतील.’ ती गेल्यावर मी ते कार्ड समोर घेऊन बसले आणि त्या दिवशीचे सगळे आठवू लागले. सासूबाईंना मी काय काय सुनावले ते शब्दन् शब्द आठवत होते, मात्र सुनेशी मी काय बोलले ते काही केल्या आठवेना, कारण मी तिच्याशी बोललेच नव्हते. तीन महिन्यांची गरोदर बाई माझ्यासमोर अर्धा तास बसली होती आणि ‘तुला काय हवे आहे, तुला घरी धाक आहे का, तू उद्या एकटी येशील का’ यांतला एकही प्रश्न मी तिला विचारला नव्हता. कायद्याच्या बाजूने उभी राहून मी माझे हात स्वच्छ ठेवले होते. ‘घरच्या डॉक्टर’ या शब्दाचा अर्थ सासूबाई जो लावत होत्या, तोच मीही इतकी वर्षे लावत आले होते: ज्याचे नाव कार्डाच्या डोक्यावर, घर त्याचे आणि डॉक्टरही त्याच घराची.

२००१ च्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. त्या आकड्यात माझ्या टेबलासमोरून उठून गेलेले एक घर आहे, हे मला ठाऊक होते.

ती सून एकटी येऊन गेली त्या दिवशीच मी कार्डावर तिच्या नावापुढे निळ्या शाईचा एक बारीक ठिपका दिला होता. त्याचा अर्थ एवढाच की हिला एकटीला भेटायचे. तिच्यासाठी वेगळी वही केली आणि ती कुलपात ठेवली. हळूहळू इतर कार्डांवरही ठिपके आले. पहिल्या वर्षभरात ते सगळे बायकांच्या नावांपुढे होते. पुढे एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या नावापुढे आला, मग क्षयाचे औषध चालू असल्याचे घरी सांगू न धजणाऱ्या एका शिक्षकांच्या नावापुढे. ठिपका असलेले माणूस घरच्यांबरोबर आले की मी काही ना काही निमित्त काढून बाकीच्यांना बाहेर बसवत असे. वजन करायचे आहे, डोळ्यांत औषध घालायचे आहे. चपला घालताना दारात होणारे बोलणे आता खुर्चीत बसून होऊ लागले. दिवसाला तपासलेल्या रुग्णांची संख्या घटली, उत्पन्नही काही काळ घटले, पण स्वतःच्या कामाकडे पाहण्याची माझी नजर तेव्हापासून बदलू लागली, हे नक्की.

‘नुसती’ हा शब्द केव्हा गेला याची तारीख सांगता येत नाही, पण एक दिवस मात्र आठवतो. २००८ च्या सुमारास एका ७४ वर्षांच्या आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. महिन्याभरात त्या तीनदा पडल्या होत्या. मेंदूचे स्कॅन झाले होते, कानाच्या डॉक्टरांनी तपासले होते, हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला प्लॅस्टर घातले होते, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने योग्यच उपचार केले होते. मी मुलाला घरी पाठवून आजींची सगळी औषधे मागवली. त्याने कापडाच्या पिशवीतून आणलेल्या पट्ट्या मी टेबलावर एकेक करून मांडल्या. बारा निघाल्या. त्यांत रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दोनदा होते, कारण दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळ्या वेळी लिहिले होते आणि आजी दोन्ही इमानाने घेत होत्या. शिवाय लघवी होण्याची गोळी होती आणि झोपेचीही होती. मी त्यांचा रक्तदाब आडवे असताना मोजला, मग उभे करून मोजला. उभे राहताच वरचा आकडा ९० च्या खाली गेला. तज्ज्ञांशी फोनवर बोलून बारापैकी पाच औषधे थांबवली आणि आजींचे पडणे थांबले. यात विद्वत्तेचे काही नव्हते. फक्त त्या सगळ्या पट्ट्या एका टेबलावर मांडणे हे कोणा एकाचे काम असायला हवे होते, आणि ते काम माझे आहे हे मला त्या दुपारी स्वच्छ दिसले. तोवर चिठ्ठी देऊन माणूस पुढे पाठवला की माझा संबंध संपत असे. आता मी लोकांना सांगू लागले की तज्ज्ञांना भेटून झाले की पुन्हा माझ्याकडे या. तेही येऊ लागले. ऑपरेशन करू का, करायलाच हवे का, थांबले तर काय होईल, एवढा खर्च झेपेल का, आईला आता घरीच ठेवले तर चालेल का, असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांची संख्या गेल्या दहा-बारा वर्षांत ताप-खोकल्याच्या बरोबरीला आली आहे.

२००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी दवाखान्यात गुडघ्यापर्यंत आले होते, म्हणून नंतर मी कार्डांची खोकी माळ्यावर हलवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी माळ्याला लागले. आठवड्याने दार उघडले तेव्हा तेहेतीस वर्षांच्या कार्डांचा लगदा झाला होता, आणि शाई सगळीकडे पसरून कागद एकसारखे निळे दिसत होते. आधी पुरानंतरची कामे होती: लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती, तो टाळण्यासाठी चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन, जखमा, धनुर्वाताची इंजेक्शने. ती उरकल्यावर नवी कार्डे छापून घेतली आणि जो येईल त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यायला सुरुवात केली.

लोक त्यासाठी मुद्दाम येऊन बसत. आजोबांना मधुमेह कधी निघाला, धाकटीला लहानपणी आकडी आली होती का, यावर घरातल्या घरात चर्चा होत. आपले आजार इतक्या काळजीने कोणी सांगताना मी कधी ऐकले नव्हते. ठिपके मात्र कोणी सांगणार नव्हते. ते मला आठवून द्यायचे होते, आणि रात्री घरी बसून ते देताना माझ्या लक्षात आले की एकही विसरलेला नाही.

हमालांच्या पत्नी मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. कार्डाच्या डोक्यावर आता मुलाचे नाव आले. ‘ह्याचे वडील हार्टनं गेले ते लिवा,’ त्या म्हणाल्या, ‘पोराच्या उपयोगाचं हाय.’ मी लिहिले. मग मुलाला आणि सुनेला बाहेर बसायला सांगितले आणि अठ्ठावीस वर्षे राहिलेले वाक्य उच्चारले: त्या रात्री मला कळायला हवे होते, माझी चूक झाली. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तवाच कळलं हुतं मला, बाई. सकाळी घरी आलासा तवा तुमच्या तोंडावर दिसत हुतं. तुमी आला नसता तर पुन्हा पायरी चढले नसते.’

करोनाच्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून थोडेच सांगते. आमच्या जिल्ह्यातले पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात सापडले. २५ मार्चला केंद्र सरकारने फोन आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याची नियमावली काढली, आणि साठी ओलांडलेली असल्याने मीही काही महिने बराचसा दवाखाना फोनवर चालवला. पलीकडचा माणूस दिसत नसताना मला उपयोगी पडली ती पुरानंतर नव्याने लिहिलेली कार्डे. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा सांगणाऱ्याचा आवाज ऐकताना, त्या घरात म्हातारे कोण आहे, खोल्या किती आहेत, कोण आकडा वाढवून सांगेल आणि कोण घाबरून कमी सांगेल, हे मला माहीत असे.

गेल्या वर्षापासून संध्याकाळच्या वेळी एक तरुण डॉक्टर माझ्याबरोबर बसते. तिने एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण केले आहे. मी जे काम उणेपणा म्हणून पत्करले, त्यासाठी ती तीन वर्षे ठरवून शिकली, आणि पाटीवर ती अक्षरे तिने आग्रहाने लिहून घेतली. तिच्या पद्धती वेगळ्या आहेत. तिच्या नोंदी संगणकावर असतात आणि त्या प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र असतात. घराचे कार्ड तिला सुरुवातीला पटले नव्हते. एकाच्या आजाराची नोंद दुसऱ्याला दिसता कामा नये, असे तिचे म्हणणे होते आणि ते बरोबरच आहे. मी तिला ठिपक्याची हकिगत सांगितली, त्या सुनेसकट. ती काही बोलली नाही. संगणकावरच्या नोंदी तिने तशाच स्वतंत्र ठेवल्या, कार्डांचे खोके मात्र आपल्या टेबलाशेजारी हलवून घेतले.

परवा मी एका घराचे कार्ड काढले तेव्हा त्यावर एका सत्तरीच्या गृहस्थांच्या नावापुढे नवा ठिपका दिसला. ते पंचवीस वर्षे माझ्याकडे येत आहेत आणि ठिपका मी दिलेला नव्हता. मी तिला काही विचारले नाही. ते गृहस्थ मुलाबरोबर आले तेव्हा मी मुलाला बाहेर बसायला सांगितले आणि त्यांना तिच्या खोलीत पाठवले.